अर्धं जळलेलं पाचट

मी मूळची कबनूरची. वडील कापडाच्या मागावर कामाला, घरात बसलं तरी शेजारच्या मागांचा खडखडाट, त्यामुळं आमच्यात सगळी वरडूनच बोलायची, माझाबी आवाज तसाच राहिला. आणि हे बघा पावणं, आमच्याकडं बायकाबी गेलो-आलोच म्हणतात, लिवताना ते गेले-आले करू नका, हाय तसं ठेवा. आई पौर्णिमेला विहारात न्यायची आणि येताना वाटंत एकच बोलायची, शिकायचं, मागावर जायचं न्हाय. मग डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो. आता वारणेच्या बाजूला एका गावात तिसरीचा वर्ग हाय माझ्याकडं.

तर वरनं सांगून येतंय, पोरांना हवामानबदल शिकवा. तिसरीच्या पोराला काय सांगायचं, तुम्हीच सांगा की. लांब कुठंतरी बर्फ वितळतंय म्हटलं तर एक पोरगं म्हणतंय, बाई, लाईट गेली की आमच्या फ्रिजातलंबी वितळतंय. हसू आलं मला, पण पोराचं खरंच होतं. पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना शाळंमागच्या रानात नेलं, भर उन्हाचं. ऊस तोडून नेला की वाळला पाला रानात पडतोय, त्याला आम्ही पाचट म्हणतो, आणि आमच्या गावात ते पेटवायचीच सवय. एका बाजूला पेटवून काळी झालेली जमीन, शेजारच्या तुकड्यात पाचट तसंच. म्हटलं, हात लावा. काळ्या मातीला हात लावला की चटक्यानं पोरं उड्या मारायची, पाचटाखाली घातला की गार, वल, गांडुळं वळवळतायत. म्हटलं पेटवलं की धूर कुठं जातोय? वर, बाई. तसला धूर जगभर वर जाऊन साठतोय, म्हणून ऊन वाढतंय, पाऊस येड्यासारखा पडतोय. एवढंच शिकवलं बघा.

ती पोरं घरी जाऊन भांडायला लागली की! वर्गात आरोही म्हणून पोरगी हाय, शांत, बोलायची कमी. तिचं आजोबा, आबा म्हणतात सगळी, शाळंत आलं आणि दारातनंच म्हणालं, बाई, पोरीला पाढं शिकवा, तिच्याकडनं मला शेती शिकवू नका. पाचटात उंदरं होत्यात, तुटल्या उसाच्या बुडख्यातनं खोडवं फुटत न्हाय, तुम्हाला काय म्हाईत. म्हटलं आबा, एक तुकडा ठेवून तर बघा. न्हाय म्हणजे न्हाय, म्हणालं आणि गेलं.

पुढं त्यांचा ऊस तुटला. एक दिवस आरोही शाळंत न्हाय. मला वाटलं पोट दुखत असंल. तेवढ्यात तिची आई भाकरीचा डबा घिऊन आली, म्हणाली, पोरगी डबा इसरली. म्हटलं, ती आलीच न्हाय की. आलीच न्हाय? दप्तर घिऊन सकाळीच गेली, बाई. मी वाटंकडं बघायला खिडकीशी गेलो, आणि तिथनं दिसला धूर, त्यांच्याच रानाच्या अंगाला.

काय सांगू तुम्हाला. चपला कुठं राहिल्या ठावं न्हाय. मनात एकच, पोरगी पाचट वाचवायला मधी जाऊन बसली असंल. मीच शिकवलेलं की. बांधावर आबा उभं, निम्मं रान पेटलेलं. तिची आई वरडली, आबा, आरोही सापडंना! आबांनी हातातली काठी टाकली. म्हातारा माणूस, तसाच धुरात शिरला, आरू, आरू म्हणत. शेजारच्या रानातली माणसं धावली, पाईप लावला, वल्ल्या पोत्यांनी आम्ही बडवत सुटलो, आणि मी हाका मारत होतो, मागावरचा आवाज सगळा काढून.

आणि पलीकडनं, पाण्याच्या मोटरीच्या खोलीतनं आवाज आला, बाई, मी हितं हाय!

दप्तर छातीशी धरून पोरगी दारात उभी. आबांची काडेपेटी पळवून तिथं लपून बसलेली. काडेपेटी न्हाय तर पेटणार न्हाय, असा हिशोब. आबांनी शेजाऱ्याचा लायटर आणला हे तिला काय ठावं. मी तिथंच रानातल्या सरीत बसलो. आबा आलं, मिशा करपलेल्या, पोरीला उचलून घेतलं आणि मोठ्यानं रडलं. आम्ही सगळीच रडलो, आणि मग हसलो.

मला वाटलं आता गाव माझ्यावर येणार. दुसऱ्या दिवशी आबा शाळंत आलं, दारात न्हाय, आत. म्हणालं, बाई, पोरीला एवढं सांगा, भांडायचं तर तोंडावर भांड, लपू नको. आणि राहिलेल्या निम्म्याला काडी लावणार न्हाय मी. तुमच्यासाठी न्हाय बरं, तिच्यासाठी.

मी वर्गात ते सांगितलं, आणि वर हेबी. पाचट गेलं तर जाऊंदे, आगीजवळ आणि एकट्यानं कुठं जायचं न्हाय, मोठ्यांना सांगून जायचं. आता कुठलाबी धडा शिकवला की हे आधी.

उन्हाळ्यात त्या निम्म्यात वल जास्त दिवस टिकली. आबा अजून म्हणतात उंदरं झाली, आणि झालीतबी. पण यंदा आबांच्या रानात कुठंच काडी लागली न्हाय. समदा गाव सुधारला असं न्हाय, परवाच पलीकडं धूर बघितला मी. आरोही आता चौथीत, बोलायला लागली की गप बसत न्हाय. सकाळी हजेरी घेताना सगळ्यांनी हजर बाई म्हटलं की मला बरं वाटतंय बघा. ह्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त उन्हात जगायचं हाय. सुखी राहूंदेत, डोक्यावर सावली असूंदे त्यांच्या. चला, चहा घ्या की, गार झाला.