तिन्ही नगांची डावी बाजू

हॅलो? … हो, चिझुरूच बोलतेय. कोण, नागिसा? अगं, दुकानाच्या नंबरवर कशाला केलास? … बरं, बरं. बोल, पण पटकन. ऐकायच्या टेबलावर आत्ता सहा जण आपापली गाणी घेऊन बसलेत, आणि मी सकाळपासून एका भाताच्या गोळ्यावर आहे.

… काय? परत? … नागिसा, हा तिसरा नग आहे! दोनदा बदलून दिलाय तुला.

… हो, हो… अगं ऐक ना. आधी ऐक. नव्वद हजार येनचा इअरफोन आहे, मान्य. चार हजारवाला त्याच्या जवळपास पोचतो, तेही मान्य. वरच्या शहाऐंशी हजारांत मिळतं काय, तर दोन सुरांमधली शांतता. ती कुणाला हवी असते, कुणाला नको असते. पण डाव्या बाजूचा आवाज बसलेला? आणि तिन्ही नगांची? हे बनवणारे किरिताके आजोबा तिकडे सुवा गावातल्या कारखान्यात एकेक जोडी स्वतः कानात घालून जुळवतात. दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय म्हातारा डबा बंद करत नाही.

… माहितेय, उद्या मासिकाला लेख द्यायचाय. काय लिहिलंयस? वाच बघू. … "चार हजारवाला याच्यापेक्षा सरळ वाजतो." अगं बाई! हे छापलंस तर आजोबांनी कारखान्याला कुलूपच लावायचं. तुझं वाचून लोक खरेदी करतात, नागिसा.

एक मिनिट हं. … हो साहेब, घ्या ना ऐकायला. रबराच्या टोप्या तिकडे आहेत, आधी मधलं माप लावून बघा. आणि झालं की पुसून ठेवा. … हां, बोल.

… झांजा डावीकडून येतच नाहीत. बरं. … आणि गाणारी बाई मधे उभी राहायची ती उजवीकडे सरकलीय. … आज अजून सरकली? म्हणजे रोज सरकते? गातेय की घर बदलतेय ती?

… केबल उलटी लावून बघितलीस? डावीची उजवीला? … तरी डावीच. … प्लेयर बदललास. टोप्या बदलल्यास. वा! नाचता येईना, अंगण वाकडं. … बरं, चिडू नकोस गं. चेष्टा केली.

… अठरा हजारवाला? त्याचं काय? … त्याचीही डावी? … थांब, थांब. तो तर वेगळ्याच कंपनीचा. कधी ऐकलास तो? … शनिवारी. आणि चार हजारवाला? … त्याच्या आधीच्या आठवड्यात. … त्यानंतर परत कानात घातलास? … नाही.

… नाही गं, मी कुठे काय म्हणतेय. आहे का तो जवळ? काढ. … लिहून झालंय, माहितेय. तरी काढ. आणि आधी नेहमीसारखा लाव. … हं? … डावी बसलीय. … तोही बिघडला म्हणतेस. बरं, असू दे. आता उलटा घाल. डावा उजव्या कानात, उजवा डाव्यात. … असं कुणी घालत नाही, मला शिकवतेस? किरिताकेंचा कानाच्या आकाराचा आहे, तो उलटा बसणारच नाही, म्हणून तर तुझ्या डोक्यात आलं नाही. हा सरळ गोळीसारखा आहे, कुठेही बसतो. घाल. तेच गाणं लाव. फोन ठेव बाजूला, मी थांबते.

… अहो काका, आवाज जरा कमी. इतका मोठा नका ठेवू. … नाही, दुकानाचा नियम नाही. मी सांगतेय म्हणून.

… हां. बोल. आता कुठली बाजू बसलीय?

… डावी.

… नाही, तो उलट्या बाजूनं बिघडलेला नाही. कुठलाच नग बिघडलेला नाही. तू सगळं बदललंस, कान तेवढा बदलला नव्हतास.

… मळ? असेल. देव करो, मळच असो. पण कधीपासून? नीट आठव. … गेल्या गुरुवारी उठलीस तेव्हा कान भरल्यासारखा. आज बुधवार. म्हणजे सहा दिवस. … शिट्टी? कसली शिट्टी? … तुला वाटलं फ्रिज वाजतोय. … आणि आज स्टेशनच्या जिन्यात कठडा धरावा लागला. हे तू आत्ता सांगतेयस मला!

… झोप कमी होतेय म्हणून. हो. मीही तेच म्हणायचे. … मी म्हणजे मीच. तुला काय वाटलं, मासिकातलं लिहिणं सोडून मी हौसेनं टोप्या विकायला आले? … हो, सगळ्यांना तसंच सांगितलं. गिऱ्हाइकांशी बोलायला आवडतं म्हणून. … उजवा. पाच वर्षं झाली. … नाही सांगितलं. लाज वाटली. कानावर पोट भरणाऱ्या बाईनं कोणत्या तोंडानं सांगायचं, की कान गेला?

… तीन आठवडे मी केबली बदलत बसले, नागिसा. तीन आठवडे! डॉक्टर म्हणाले, पहिल्या आठवड्यात आला असतात तर…

… तसं नाही गं. तुझा जाईल असं कुठे म्हटलं मी? औषध आहे त्यावर. लवकर घेतलं तर पुष्कळांचं परत येतं. पण आज. उद्या नाही. … लेख गेला खड्ड्यात. संपादकांशी मी बोलते. … हो, बुधवारी दुपारी बरेच दवाखाने बंद असतात. उएनोजवळचा एक पाचपर्यंत उघडा असतो. मला पाठ आहेत सगळे.

… "दोन दिवस बघू" म्हणू नकोस. म्हणू नकोस गं. … बरं, एक कर. फोन कुठल्या कानाला आहे? … उजव्या. नेहमी उजव्याच? … आता डाव्याला लाव. … लाव म्हणते ना!

… लावलास? नागिसा, मी निघतेय इथून. बूट घालून दारात उभी राहा, आपण दोघी जाऊ. मला फार भीती वाटतेय गं. तुझं माझ्यासारखं व्हायला नको.

… हॅलो? … ऐकलंस?

… कोण कुजबुजतंय म्हणजे? मी ओरडतेय, नागिसा! अख्खं दुकान कानातले काढून माझ्याकडे बघतंय.

… रडू नकोस. उजव्या कानाला घे. … घेतलास? येतंय ऐकू?

… मी म्हटलं, बूट घाल. मी निघाले. ठेव.