आमच्या विहिरीचा पहिला नंबर

नाही, पण मी म्हणते, त्या यादीला गुणवत्ता यादी कोण म्हणालं होतं? मी नाही म्हणाले! मी फक्त ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लावला, सतरा विहिरी, सतरा मालक, समोर आकडे... आणि सकाळी बघते तर आमचे बाबूजी पेढे वाटतायत! "घ्या बाप्पा, घ्या! आपल्या विहिरीचा पहिला नंबर आला! एकशे अठरा!"

तुम्हाला सांगते, चूक माझीच. मी पुण्याला शिकत होते, तिथून युनिव्हर्सिटीनं पाठवलं कोपनहेगनला, शाश्वत विकासाचा कोर्स, तीन आठवड्यांचा. तीनच आठवडे हो, पण डोकं असं पेटलं की विचारू नका! शेवटच्या दिवशी तिथल्या बाई म्हणाल्या, "घरी जा, एक गोष्ट मोजा, आकडा लोकांसमोर ठेवा. लोक शहाणे असतात." मी रडले ऐकून! येताना पाणी तपासायचं छोटं यंत्र घेतलं, आणि वर्ध्याजवळच्या आंजीच्या पुढे चार किलोमीटरवर आमचं गाव, तिथे उतरले ती बॅगेसकट विहिरीवर.

पाण्यात नायट्रेट निघालं. शेतात युरिया, विहिरीच्या कडेला उकिरडा, सगळं झिरपून खाली. वास नाही, रंग नाही, चव नाही... काचेसारखं पाणी! मोठ्यांना पटकन काही जाणवत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला ते प्राणवायूच वाहू देत नाही. मर्यादा पंचेचाळीस. आमची विहीर एकशे अठरा. आणि घरात पियुषदादाचं एक महिन्याचं बाळ! सपनावहिनीला दूध पुरत नाही, म्हणून डब्यातली पावडर, आणि पावडर कालवायची कशात? बरोबर. त्याच काचेसारख्या पाण्यात.

म्हणून मी सगळ्यात वाईट विहीर सगळ्यात वर लिहिली, ठळक अक्षरात. खाली लिहिलंही होतं, पंचेचाळीसच्या वर धोका! पण त्यावर कुणीतरी हरवलेल्या म्हशीचा फोटो चिकटवला. राहिलं काय? वरचा नंबर!

आईला सांगितलं. आई म्हणाली, "काऊन घाबरवून राह्यली व घरादाराले? उकळून घेऊ नं!"

उकळून घेऊ नं! अहो, जंतू असते तर मेले असते. हे मरत नाही! पाणी उडून जातं आणि हे खाली राहतं, उलट दाट होतं. मी आईसमोर पातेलं ठेवलं, वीस मिनिटं खळाखळा उकळलं, मोजलं. एकशे चौपन्न! म्हटलं, आता तरी पटेल. बाबूजींनी चष्मा लावून पाहिलं आणि आईला हाकच मारली, "प्रमिला, पाह्य व! उकळल्यावर अजून वाढले!"

शेजारचे ताराचंदकाका तर ओट्यावर बसूनच होते. "तीन हप्त्यात पानी शिकून आली काय व मयुरी? आमी साठ वर्सं हेच पिऊन राह्यलो, मेलो काय?" म्हटलं, काका, तुम्ही तान्हं बाळ नाही. तर बाबूजींकडे वळून म्हणाले, "म्हंजे मले म्हातारा म्हनते? हिरालाल, पोट्टी हातची गेली तुई!" आणि जाताना कळशी भरून घेऊन गेले. पहिल्या नंबरची! मग काय, अर्धा गाव आमच्या विहिरीवर. काखेत लेकरं घेऊन बाया यायला लागल्या हो... मी आडवी होऊन सांगतेय, नका नेऊ, आणि त्या हसून म्हणतात, "उकळून घेऊ नं, मयुरीताई!"

वर्ध्याहून पाण्याचे जार आणले. आईनं ते तुळशीला घातले. "विकतचं पानी पाजून लेकराले रोगी करतं काय?" तुळस तरारली. बाळ मात्र... बाळ रडेनासं झालं. घरात कौतुक! "किती गुनी लेकरू, आवाजच नाई त्याचा!" मी रोज नखं बघायची. नखं निळसर. म्हटलं, आई, रंग बघ गं. तर आई म्हणाली, "हाव नं, किसनासारखा होऊन राह्यला. तू आत्या आहे, बारशाले नाव श्यामच ठेवजो."

सव्वा महिन्याला बारसं. नाव कानात सांगायचा मान आत्याचा. मी पाळण्यात वाकले, पाठीवर बायकांचे धपाधप बुक्के, आणि समोर ओठ... पिकल्या जांभळासारखे. कुठलं नाव नि कुठलं काय! उचललं बाळ, दादाला ओढला, वहिनीला ओढली, गाडीत घातलं. बायकांना वाटलं, ही परदेशातली नवी रीत असेल. त्या पाळणा म्हणतच होत्या हो, झोके देत देत... रिकाम्या पाळण्याला!

इथे वर्ध्याला, दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी रक्त काढलं, तर ते लाल नाही, चॉकलेटसारखं. म्हणाले, "अजून एक दिवस गेला असता तर..." सुई दिली. तासाभरानं बाळ रडलं. असं रडलं, असं रडलं की सगळा वॉर्ड जागा झाला आणि वहिनी हसायला लागली. वाचलं.

घरी फोन केला. म्हटलं, बाबूजी, पाण्यानंच झालं हे, डॉक्टरांनी सांगितलं, आता तरी विहीर बंद करा! तिकडून "हाव, हाव" आलं. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "दवाखान्यातलं पानी कसं असन, कोनाले मालूम बाई! लेकराले थे नको देजो. मी घरचा कॅन बसनं पाठवून राह्यलो. काळजी नको करजो, तुया आईनं दोनदा उकळलं."

आला की कॅन! वीस लिटर! कंडक्टरनं दोन ग्लास पिऊन, गोड आहे म्हणून सांगून, हातात दिला. आत ठेवावा तर शेजारच्या खाटेवरच्या आजी भांडं घेऊन उभ्या, त्यांचीही सून बाळंतीण. दादा म्हणतो, ओतून टाक मोरीत. पण ओतू कुठे? कुठेही ओतलं तरी खालीच जाणार, आणि खाली गेलेलं परत वर काढून कोण पिणार?

म्हणून सकाळपासून मी या कॅनवरच बसून आहे. तुम्ही घ्या ना ती खुर्ची... मला आता उठता यायचं नाही.