गडावरची हिरवी टाइल

—नाही नाही, ती नमुन्याची पिशवी उघडूच नका बाई, माती आमचीच आहे, ओढ्याकाठची, नुसत्या वासावरून सांगेन मी— त्यासाठी ब्रातिस्लावाहून यंत्रं कशाला हवीत? बसा. त्या स्टुलावर नको, ओला आहे. स्लिवोविका घेणार, आलुबुखाराची दारू? नाही? मर्जी तुमची, मी घेतो. तर काय म्हणत होता— गडावरच्या त्या जुन्या, खोली ऊबवणाऱ्या उंच शेगडीच्या बाकी सगळ्या टाइला परक्या मातीच्या, हंगेरीतल्या बुदाकडून आणलेल्या, आणि घोडेस्वाराची हिरवी टाइल तेवढी आमच्या मातीची. मग झालं की! म्युझियमचा संचालक कुबाश्को नाचतोय नुसता. पंधराव्या शतकात आमच्या गावात टाइला भाजणारे कारागीर होते म्हणे— पाटीसुद्धा रंगवून झाली. रविवारी फीत कापायची, आणि कापणार कोण? मी! ‘पाचशे वर्षांच्या परंपरेचे शेवटचे वारसदार, श्री. वेंडेलीन हुदाच.’ शी! पुढचं वाचवेना मला.

का म्हणजे? किळस येते त्या माणसाची. शेगडी कशाशी खातात ठाऊक नाही, आयुष्यात धुराडं साफ केलं नाही, आणि परवा माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, तुमच्या बोटांत पाचशे वर्षं आहेत हो! बोटं धुवावीशी वाटली मला. आणि गावही तसलंच. बेकरीवाली बाई— इतकी वर्षं शिळा पाव माझ्या गळ्यात मारणारी— ती आता खसखशीची गुंडाळी फुकट देते. वारसदार! थू.

हं? टाइलच्या मातीत काय सापडलं? भाजलेले कण? बुदाच्या मातीचे— आमच्या मातीच्या पोटात? अहो, त्यात काय एवढं! जुन्या खापराचा चुरा असतो तो. कच्च्या मातीत मिसळतात, नाहीतर टाइल आगीपुढे तडकते. धंद्याची रीतच आहे, आमच्या धंद्यात खापर फेकत नाहीत. त्या काळीही मिसळत असतीलच की— गडावर बुदाची एखादी टाइल फुटली असेल, कुणी कुटली असेल, तुम्हाला कसं कळणार कुणी ते—

हिरवी झिलई? कणांवर?

बाकीच्या टाइलांवर आहे तीच झिलई म्हणता. आणि वरची झिलई मात्र नव्या शिशाची. बरं. मग मला विचारायला कशाला आलात? यंत्रालाच विचारायचं.

एकाहत्तर साल होतं, ऐका. शेगडी उतरवून पुन्हा बांधायचं काम आमच्याकडे आलं— इम्रिख उस्ताद आणि मी. म्हातारा पीत असे, हात कापायचे त्याचे, शिडीवर पाय घसरला आणि टाइल पडली. सरकारी माल! त्या दिवसांत तुरुंगच होता त्याला. एका हाताने शिडी धरलेली, दुसऱ्या हातात टाइल, वरून उस्ताद ओरडतायत, वेंडेल, दोन्ही हातांनी धर, दोन्ही— आणि मी—

घ्या. सांगून बसलो.

हो, मीच. उस्ताद त्या दिवशी थेंबभरही प्यायलेले नव्हते. पंचवीस वर्षं गुत्त्यात सांगत आलो मी, म्हातारा पिऊन शिडीवरून घसरायचा म्हणून— टाइलचं नाव न काढता, नुसतंच हसायला. लोक हसायचे. त्यांच्या थडग्यावर मेणबत्ती लावून यायचो, आणि मग तेच सांगायचो. कुबाश्कोची कसली किळस, बाई? माझ्या तोंडाची येते मला.

ते रागावलेसुद्धा नाहीत. तुकडे जुळवले, त्यावरून साचा घेतला, नवी टाइल केली, धुराने काळवंडवली, चढवली— कुणाला पत्ता नाही. तुकडे पुरून ठेव म्हणाले. लोण्याच्या बरणीत घालून बागेत पूर, कधीतरी कुणी हुशार येईल, जोडेल. एवढंच सांगितलं होतं. पण मी घाबरलो, पुरलेलं वर येतं असं वाटलं, म्हणून नव्या टाइलची माती मळायच्या आधीच खलबत्ता घेऊन बसलो. आधी किनार, मग कमान, मग घोड्याचे पाय. स्वाराचा चेहरा शेवटपर्यंत ठेवला होता. नाकावर त्याच्या जुना टवका होता, दारुडा दिसायचा बिचारा. तोही कुटला, आणि सगळा चुरा नव्या मातीत मळून टाकला. आणि त्यांनी मातीचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि ती साच्यात भरली.

लिहा सगळं. रविवारच्या आधी लिहा. उस्तादांचं नाव घालू नका— नाही, घाला, टाइल घडवणारे म्हणून घाला. फोडणारा मी. कुटणारा मी. पाटीवर वारसदार लिहिलंय ना, तिथंच हे लिहा म्हणावं.

किती कण सापडले म्हणालात?

सात?

अख्खा घोडा होता हो. स्वारासकट, भाल्यासकट. सात?

—निघा आता. ती पिशवी घ्या तुमची, आणि निघा.