खूण न केलेली कोकरं

गोरेगावहून हिंगोलीला जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नव्हती. जनकाबाईच्या समोरच्या बाकावर एक मेंढपाळ आणि त्याचा मिसरूड फुटलेला मुलगा बसले होते.

“आबा, यंदा घरातल्या सगळ्यांच्या कोकरांच्या कानाला खूण केली, माझ्याच न्हाई. मला वाट्यातून काढलं का?”

“बजरंग, जीपीत नको.”

“जीपीतच सांगा. घरी तुमी बोलत न्हाई.”

“ज्याची खूण, त्यानंच ते मेंढरू जलमभर सांभाळायचं. तुला सांभाळायचंय का?”

बजरंग चपलेचा तुटका अंगठा नीट करू लागला.

“कळप निघाला की तुझं पोट दुखून राहिलं. अन् हिंगोलीत पंपाच्या जळालेल्या मोटारी भरायच्या दुकानापुढं उभा राहिला की बरं होऊन राहिलं.”

“तो मालक काम शिकवतो म्हणला, आबा. तुमाला कसं सांगावं, तेच कळंना. झोप न्हाई मला.”

“मला कुठं हाय? वाटायचं, सकाळी उठून पाहावं अन् पोरगं न सांगताच पळालेलं.”

“मग जाऊ मी?”

“येड्या, आपण आज बाजाराला न्हाई चाललो. तुझ्या त्या मालकालाच भेटाया चाललोय.”

सगळं ऐकत बसलेली जनकाबाई बाकाच्या कडेला सरकली.

“आबा, एका कोकराला तरी खूण करा. दिवाळीला आलो की वळखू आलं पायजे.”

“मेंढपाळाचा लेक ना तू? तोंडावरून वळख की!”

दोघेही हसले. जनकाबाईने पुढे वाकून ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली.

“काढ रे गाडी, भरो न भरो. या लेकराला उशीर होऊन राहिला.”