पडद्याची उलटी बाजू

डोळ्यांच्या दवाखान्यात, तपासणीच्या खोलीच्या पडद्याला लागून आतल्या बाजूला, डोळ्यांत औषध घातलेली एक मुलगी डोळे मिटून बसली होती. शेजारच्या आजीबाई तिच्या आईला विचारत होत्या.

“शाळेत नाही जात?”

“दोन वर्षं जाऊन बघितलं, मावशी. छापील अक्षरं हिच्यापुढे नाचतात. म्हणून घरीच शिकवते.”

“तुम्ही शिक्षिका?”

“छे हो, मी भरतकाम करते. जाड दोऱ्याने अक्षरं भरली, म्हटलं बोटाने वाच.”

“जमलं?”

“सहा महिने सगळं उलटं लिहायची. मी कपाळाला हात लावला. मग कळलं, मी भरत असताना ही खाली बसून कापडाची उलटी बाजूच चाचपायची.”

“अगं बाई. मग?”

“मग सुलटी शिकवली. आता दोन्ही येतात.”

मुलीचं बोट शेजारच्या पडद्यावरून फिरत होतं. “आई, या पडद्यावर ‘तपासणी चालू आहे, आत येऊ नये’ असं भरलंय.”

“असेल गं. डोळे उघडू नकोस.”

“आतून तर नुसता दोऱ्यांचा गुंता दिसतोय. थांबा, बाहेरून बघते.”

आजीबाई बाहेर जाऊन आल्या.

“अक्षर न् अक्षर तेच आहे.”

मग त्यांनीही डोळे मिटून पडद्यावरून बोट फिरवलं.

“मला तर नुसत्या गाठीच लागतात.”