शेवटच्या हप्त्यापर्यंत

(कुंडल. हरणाबाईंचं माहेर; पती तात्यांच्या माघारी त्या इथेच राहतात. त्यांच्या पुतण्याची, दिग्विजयची, बायको मंगल सांगलीहून गाडीवर आली आहे.)

हरणाबाई : अशी उंबऱ्यातच फणफणू नगं. ये, जवळ सरक. कुपवाडच्या घराचं आख्यान लावते तुला.

मंगल : आख्यान बुवांच्या तोंडून ऐकीन, काकी. घर त्या सिद्धूलाच का दिलंत, तेवढं सांगा.

हरणाबाई : त्याला बँक दारात उभी करंना. रोजावर हाय, पगाराची चिठ्ठी न्हाई. म्हटलं, मलाच दे की गड्या, महिन्याच्या महिन्याला हप्ता.

मंगल : आणि किल्ली आधीच हातात! आम्ही फ्लॅटसाठी बँकेच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुणी म्हणालं नाही, ही घे किल्ली.

हरणाबाई : किल्लीच दिली. खरेदीखत शेवटचा हप्ता फिटल्यावर. साठेखतात तसं लिवलंय.

मंगल : म्हणजे मोडता येतंय! आमचे हे सगळी रक्कम एकदम टाकतील. वर लाखभर जास्त.

हरणाबाई : त्यानं एक हप्ता चुकवला न्हाई. कोणत्या तोंडानं मोडू?

मंगल : रक्ताचा पुतण्या सोडून परका! काल तिथनं गेले मी. त्याची बायको सोनम दारात रांगोळी घालत होती, जन्माची मालकीण असल्यागत. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तुम्ही तिला लेकी म्हणता. मला कधी म्हणालात?

हरणाबाई : पूर्वरंगातच उठू नगं, लेकी. दारावरची पाटी बघितलीस?

मंगल : तात्यांचीच आहे अजून. का?

हरणाबाई : माझी अट हाय. शेवटच्या हप्त्यापतोर ती हलवायची न्हाई. सोनम रोज फडक्यानं पुसती.

मंगल : मी काय फेकून दिली असती?

हरणाबाई : छ्या! फेकली नसतीस. पर दिग्विजयची कवा लावली असतीस? खरं सांग.

मंगल : ...वास्तुशांतीला.

हरणाबाई : बघ.

मंगल : हप्ते फिटले की तीही लावेलच की!

हरणाबाई : लावू दे. दहा वर्सं हायत त्याला. मला कुठं घाई हाय?

मंगल : तरी जळतंयच, काकी.

हरणाबाई : जळू दे. च्या घे आधी. अन् जाताना कुपवाडवरनं जा. आत नगं जाऊ. नुसती गाडी थांबव अन् पाटी मोठ्यानं वाच. आमच्यात बायका आपल्या मालकाचं नाव तोंडानं घेत न्हाईत. तू घे. तेवढी आठवण ठेव त्यांची.