रौफच्या गाण्याखालची हाक

जुन्या टेपचा गोडवा गाण्याला पाहिजे म्हणता ना? मग हे ऐका.

वसमतला माझा छोटा स्टुडिओ. दोस्त रौफचं गाणं कॉम्प्युटरवर कोरडं वाटून राहिलं होतं, म्हणून त्याच्याच घरचा जुना डेक मागवला. आत कॅसेट होती. तिच्यावर कुणी पुन्हा रेकॉर्ड करू नये म्हणून कडेची प्लास्टिकची टिकली मोडलेली. मी त्या भोकावर चिकटपट्टी लावली आन् तिच्यावरच गाणं उतरवलं.

रौफ आला, पट्टी पाहिली आन् तिच्यावर बोट ठेवलं.

"टिकली अब्बांनी मोडली होती. बाजारात हळदीच्या हर्राशीत, लिलावात, ते बोली पुकारायचे, ती हिच्यात होती. ते गेल्यावर तेवढाच आवाज राहिला होता."

मी घाईनं पट्टी सोलून काढली. "रौफभाई, मला..."

"लाव."

लावली. कडवं संपून गाणं क्षणभर थांबलं, आन् खालून बारीक हाक आली, "एक बार... दो बार..." डेक जुना, आधीचं धड पुसलंच नव्हतं! तेवढ्यात दुसरं कडवं सुरू झालं आन् हाक बुडाली.

"माझा आवाज काढून टाकता येतो का यातून?" रौफनं विचारलं.

"न्हाई."

"मंग दोन कडव्यांत जागा एवढी कमी काहून ठेवली मी?"